गुलाबरावांची कमान

खंडेनवमीला वाशीमच्या माळीपुऱ्यात घरोघरी हत्यारं पुजतात. ज्याच्याकडे जे असेल ते घासूनपुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची फुलं ठेवायची आणि त्या दिवशी त्याला काम सांगायचं नाही. गुलाबरावांच्या पाटावर गिरजाबाईंचं खुरपं असे, विळा असे, भाजी चिरायची पावशी असे, आणि एका कोपऱ्यात गुलाबरावांचा टाक, दौत आणि रेघा मारायचा रूळ असे. घरामागच्या वाडीतली वांगी, मेथी आणि कोहळे गिरजाबाई पिकवत. गुलाबराव तहसील कचेरीत आवक-जावक कारकून होते. कचेरीत आलेल्या प्रत्येक कागदावर नंबर टाकायचा, तो वहीत चढवायचा आणि ज्या टेबलाचा असेल त्या टेबलाकडे पाठवायचा, एवढंच त्यांचं काम. पण अक्षर असं, की समन्स आलेला माणूससुद्धा आधी अक्षराची तारीफ करी आणि मग काळजीला लागे.

सन एकोणीसशे एकोणतीसच्या खंडेनवमीला शेजारचे उत्तमराव पानसुपारीला आले. उत्तमराव पोलिसातून हवालदार होऊन पेन्शनीत निघाले होते, आणि त्यांच्या घरी पणजोबांची तलवार होती. ही तलवार म्यानातून अर्धीच बाहेर येई. उरलेली अर्धी गंजून आत बसली होती. तरी माळीपुऱ्यात दरवर्षी नवमीचा कोहळा कापायचा मान तिलाच होता. उत्तमराव तिला पावशीसारखी आडवी धरत, दोघं जण कोहळा वरून दाबत आणि तो कसाबसा कापला जाई. एकदा माणूस मानाला चढला की त्याच्या तलवारीचं म्यान कोणी तपासत नाही.

तर उत्तमराव पाटासमोर बसले, पान लावलं, आणि सगळं बघून झाल्यावर म्हणाले, “गुलाबराव, तुमच्या हत्याराले जपून कुंकू लावा. शाई सांडली तं पाट खराब होईन.”

बोलण्यात वाईट काही नव्हतं. दरवर्षी ते असंच काहीतरी बोलत आणि गुलाबराव हसून घेत. पण त्या वर्षी हिरालाल किराणावालेही बसले होते, ते पोट धरून हसले, आणि मुख्य म्हणजे चुलीपाशी गिरजाबाईही हसल्या. बायको हसली की पुरुषाला काहीतरी बोलावंच लागतं. गुलाबरावांची नजर भिंतीवर गेली. तिथे हिरालालच्याच दुकानातून आलेली रामाची तसबीर होती. रामाच्या खांद्याला धनुष्य होतं, आणि त्याची दोन्ही टोकं बाहेरच्या बाजूला झोकदार वळलेली होती.

“पुढच्या खंडेनवमीले या पाटावर धनुष्य राहीन,” गुलाबराव म्हणाले. “अस्संच. माह्या हातानं केलेलं.”

बोलून झाल्यावर त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. आजवर त्यांनी हाताने केलेली सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे पतंग, आणि तोही उडाला नव्हता.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. गुलाबराव नऊ वर्षं हंगामी होते. हंगामी म्हणजे रोज कचेरीत जायचं, सगळं काम करायचं आणि तरी उद्या नको म्हटलं तर घरी बसायचं. माळ्याच्या घरातला टाक धरणारा हा पहिला माणूस, आणि तो अजून हंगामीच, हे त्यांच्या जिवाला फार लागायचं. पुढच्या वर्षी त्यांना कायम करायचा कागद अकोल्याला गेला होता. नायब तहसीलदारसाहेबांनी बोलावून सांगितलं होतं की गुलाबराव, वर्षभर नाकासमोर चाला, नावावर डाग नको. गुलाबराव जन्मभर नाकासमोरच चालले होते. नेमकं त्याच वर्षी त्यांनी धनुष्य करायचं ठरवलं.

लाकूड कोणतं घ्यावं, यावर माळीपुऱ्यात महिनाभर चर्चा झाली. हिरालालचं मत बांबूचं होतं, कारण बांबू त्यांच्या दुकानामागे पडून होता. उत्तमरावांचं मत चिंचेचं होतं, कारण पोलिसातला दंडुका चिंचेचा असतो अशी त्यांची समजूत होती. एक जण म्हणाला बोरीचं, एक जण म्हणाला बाभळीचं, आणि धनुष्य जन्मात हातात न धरलेल्या प्रत्येकाने गुलाबरावांना स्वतःच्या हाताने ते ओढून दाखवलं. शेवटी एका रविवारी गुलाबराव सकाळच्या गाडीने जऊळक्याला गेले. तिथल्या तांड्यावरचा सोमला कुऱ्हाडीचे दांडे करून बाजारात विकायचा, आणि त्याच्या दांड्याविषयी तक्रारीचा अर्ज नऊ वर्षांत एकदाही आवक झाला नव्हता.

सोमल्याने तसबिरीचं वर्णन शांतपणे ऐकून घेतलं. त्याची बायको कमलीबाई ऐकता ऐकता दोनदा झोपडीत हसायला जाऊन आली. सोमला मात्र हसला नाही. त्याने आपल्या शेताच्या धुऱ्यावरच्या धामणीच्या झाडाची एक सरळ फांदी तोडून दिली आणि सांगितलं की ही चार महिने सावलीत वाळू द्यायची, उन्हात नाही, आणि रोज काढून बघायची नाही.

“बाबू, धामण लय मानी लाकूड हाये,” तो म्हणाला. “घाई केली तं मोडन. सबुरीनं घेतलं तं तू म्हनशीन तशी वाकन, अन् तशीच राहीन. आन् आयक. टोकं वळवशीन ते पुढच्या अंगानं वळव, दोरीच्या अंगानं नाई. दोरी चढवतानी कमान उलटी वाटली पाह्यजे. सुलटी वाटली तं समज, चुकलं.”

गुलाबरावांनी हे वाक्य परतीच्या गाडीत तिकिटाच्या मागे लिहून ठेवलं. पुढच्या वर्षभरात त्यांना मिळालेल्या शेकडो सल्ल्यांत कामाचा हा एकच होता, आणि बाकीच्या सगळ्यांना तो चुकीचा वाटला.

धामण चार महिने माजघरात आढ्याला टांगली होती. गिरजाबाई मोकळी दांडी फार दिवस मोकळी ठेवणाऱ्या नव्हत्या. आधी तिच्यावर लुगडं वाळत पडलं, मग लसणाच्या जुड्या आल्या, मग फाल्गुनात कुरडयांचं फडकं आलं. गुलाबरावांनी एकदा दबक्या आवाजात सांगून पाहिलं की हे हत्यार आहे. गिरजाबाई म्हणाल्या की हत्यार होईल तेव्हा होईल, आता लसूण कुठे टांगायचा ते सांगा. लसूण हलला नाही. त्यामुळे धनुष्याला पुढे कायमचा थोडा लसणाचा वास राहिला.

चैत्रात तासायला सुरुवात झाली. कचेरीतून आल्यावर गुलाबराव अंगणात बसत आणि वाकसाने थोडं, कानशीने थोडं, फुटक्या कंदिलाच्या काचेने थोडं, असं लाकूड कमी करत. इकडची बाजू जास्त गेली की तिकडची घासायची, तिकडची जास्त गेली की इकडची. असं करता करता हे धनुष्य शेवटी दात कोरायच्या काडीएवढं होईल, असं हिरालालने रोज येऊन सांगितलं. पहिल्यांदा गुलाबरावांचा अंगठा कापला, दुसऱ्यांदा गुडघा. पट्टी बांधलेल्या अंगठ्याने टाक धरल्यामुळे एका आठवड्याच्या आवकेचं अक्षर बिघडलं, आणि साहेबांनी तब्येतीची चौकशी केली. पण वैशाख संपता संपता लाकूड दोन्हीकडून सारखं वाकायला लागलं. गुलाबरावांनी ते पहिल्यांदा गुडघ्यावर हलकेच वाकवलं आणि ते परत सरळ झालं, तेव्हा त्यांना जो आनंद झाला तो त्यांनी कोणाला सांगितला नाही. सांगण्यासारखा शब्द त्यांच्या वहीत नव्हता.

मग टोकांचा प्रश्न आला. आंघोळीच्या पाण्याच्या हंड्यावर झाकण ठेवून, फटीतून येणाऱ्या वाफेवर टोकं तासभर धरायची, मऊ झाली की पाट्याखाली दाबून पुढच्या बाजूला वळवायची आणि दोऱ्यांनी आवळून चार दिवस ठेवायची. माळीपुऱ्यात त्या दिवशी कोणी गरम पाण्याने आंघोळ केली असेल तर ती गुलाबरावांच्या घरी नव्हे. दुसऱ्या दिवशी ते कचेरीत असताना उत्तमराव सहज डोकावले. त्यांनी बांधून ठेवलेलं धनुष्य पाहिलं, टोकं उलट्या बाजूला वळलेली पाहिली, आणि शेजाऱ्याची चूक दिसली तर ती सुधारायची नाही असा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी दोऱ्या सोडल्या, टोकं आतल्या बाजूला वळवली, पुन्हा घट्ट बांधली आणि गिरजाबाईंना सांगून गेले की उपकार मानायची गरज नाही.

गुलाबरावांनी संध्याकाळी ते पाहिलं आणि परत हंडा चढवला. त्यांनी टोकं पुन्हा पुढे वळवली. दोन दिवसांनी हिरालाल आले आणि त्यांनी ती पुन्हा आत वळवली. तिसऱ्या वेळी टोकं पुढे वळवून गुलाबरावांनी धनुष्य धान्याच्या कणगीमागे लपवलं आणि वर गोणपाट टाकलं.

दोरीसाठी ते पिंजाऱ्याकडे गेले. पिंजारी चाचाच्या कापूस पिंजायच्या कमानीला जी तात असते तिच्यासारखी चिवट दोरी वाशीममध्ये दुसरी नाही. चाचाने आनंदाने तात दिली, आणि घरीच पिंजणार का, हात कसा ठेवायचा ते दाखवू का, असंही विचारलं. गुलाबराव हो ला हो करत तात हातात लोंबकळती घेऊन भर बाजारातून घरी आले. ती कशाची असते हे गिरजाबाईंनी विचारलं, आणि उत्तर ऐकून त्यांना उंबऱ्याबाहेरच थांबवलं. आतड्याची दोरी देवाच्या पाटावर येणार नाही, असा निकाल झाला. मग गिरजाबाईंनी वाडीतल्या अंबाडीचं सोललेलं सूत काढलं, मांडीवर वळलं, मेण लावलं आणि दोन दिवसांत अशी दोरी करून दिली की तात तिच्यापुढे काही नव्हती. तात परत गेली. ती आली तेव्हा सगळ्या बाजाराने पाहिली होती, परत गेली तेव्हा कोणी पाहिली नाही.

आषाढात उत्तमराव नवीन बातमी घेऊन आले. हत्यारांच्या कायद्यात तलवार, भाला यांच्याबरोबर धनुष्यबाणही लिहिलेले आहेत, असं त्यांना नोकरीत कोणीतरी सांगितलं होतं. खरं-खोटं त्यांना माहीत नव्हतं. “पण तुमी सरकारी मानूस,” ते म्हणाले, “तुमी इचारून घ्याव. आमचं काय, आमची तलवार निंघतच नाई.”

अकोल्याचा कागद अजून अकोल्यालाच होता. दुसरा कोणी असता तर त्याने धनुष्य चुलीत घातलं असतं नाहीतर गप्प बसला असता. पण गुलाबराव नऊ वर्षं अर्ज वाचत आले होते, आणि नीट शब्दांत लिहिलेला अर्ज माणसाला कुठूनही बाहेर काढतो, अशी त्यांची श्रद्धा होती. अडचण एका शब्दाची होती. धनुष्य म्हटलं की हत्यार आलं. मग त्यांना सोमल्याचा शब्द आठवला, कमान. त्यांनी सुंदर अक्षरात लिहिलं: ‘अर्जदार आपल्या राहत्या घरी स्वहस्ते एक लाकडी कमान तयार करीत आहे. तरी सरकारी नोकराने अशी कमान बाळगण्यास हरकत नसावी, ही विनंती.’

अर्ज त्यांनी कचेरीच्या वेळेत स्वतःलाच दिला, स्वतःच घेतला, त्यावर नंबर टाकला आणि आत पाठवला. आतल्या टेबलाने तो वाचून म्युनिसिपालिटीकडे पाठवला, कारण घराला कमान करायची म्हणजे बांधकाम, आणि बांधकाम म्युनिसिपालिटीचं.

पंधरा दिवसांनी म्युनिसिपालिटीचं पत्र आवक झालं. त्यात कमानीची उंची आणि रुंदी विचारली होती. गुलाबरावांना यात काही गैर वाटलं नाही. त्यांनी दोरीने मोजून कळवलं की उंची सव्वातीन हात, रुंदी मधोमध दोन बोटं. यावर उत्तर आलं की एवढ्या कमानीखालून कापसाची भरलेली गाडी सोडाच, माणूस वाकूनही जाणार नाही, सबब कमान रहदारीस अडथळा असून नामंजूर. हे वाचल्यावर गुलाबरावांच्या ध्यानात सगळा प्रकार आला. पण तोवर एक प्रत पोलिसांकडे गेली होती.

ते वर्ष तीसचं होतं. पुसदच्या बाजूला लोक सरकारी जंगलात शिरून गवत कापत होते आणि हसत हसत तुरुंगात जात होते. गावोगावी पुढारी येत होते आणि त्यांच्यासाठी आंब्याच्या डहाळ्यांच्या कमानी उभ्या राहत होत्या. अशा दिवसांत तहसिलीतल्या कारकुनाने स्वहस्ते कमान उभारायची परवानगी मागितलेली पाहून पोलिसांनी सरळ विचारलं की ही कमान कोणाच्या स्वागतासाठी आहे. हे पत्रही गुलाबरावांच्याच टेबलावर आलं. त्यांनी त्यावर नंबर टाकला. अक्षर बिघडू दिलं नाही.

आणि त्याच आठवड्यात निनावी अर्ज आला. ‘सदर कारकून पिंजाऱ्याकडून तात नेतो, घरी कमान चालवतो, कापूस पिंजून खादी करतो व सरकारचे मीठ खातो.’ लिहिणारा कोण, ते कधीच कळलं नाही. अर्जात ऱ्हस्वदीर्घाच्या अकरा चुका होत्या. वहीत सारांश चढवताना गुलाबरावांनी त्या सगळ्या दुरुस्त केल्या. स्वतःविरुद्धची तक्रार असली म्हणून काय झालं, वही सरकारी होती.

त्या संध्याकाळी ते घरी येऊन बराच वेळ कणगीपाशी बसले. गिरजाबाईंनी विचारलं तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. एका कागदाप्रमाणे ते दरवाजा बांधत होते, दुसऱ्याप्रमाणे पुढाऱ्याची वाट बघत होते आणि तिसऱ्याप्रमाणे खादी करत होते. चौथा, हत्याराचा, अजून यायचा होता. गिरजाबाईंनी ऐकून घेतलं. धनुष्य जाळून टाका, असं त्या म्हणतील असं गुलाबरावांना वाटलं होतं, आणि त्या तसं म्हणाल्या असत्या तर त्यांनी जाळलंही असतं. गिरजाबाई म्हणाल्या, “तुमी वरीसभर अंगठे कापून घेतले अन् मी मांडी सोलून दोरी वळली. जाळाले काय, कापसाची पराटी हाय ते?”

भाद्रपदात एका सकाळी नायब तहसीलदारसाहेब स्वतः चौकशीला आले. साहेब नागपूरकडचे, शिकलेले, स्वभावाने वाईट नव्हते. बरोबर एक शिपाई होता. पंच म्हणून शेजारचे दोघे बोलावले गेले, म्हणजे उत्तमराव आणि हिरालाल. माळीपुरा आपापल्या ओसरीवर येऊन उभा राहिला.

साहेबांनी आधी घराच्या दारावर पाहिलं, मग अंगणाच्या फाटकावर पाहिलं. “कमान कुठे आहे?” त्यांनी विचारलं.

गुलाबरावांनी गोणपाटातून धनुष्य काढून पुढे धरलं. साहेबांनी ते हातात घेतलं, वास घेतला आणि थोडे बुचकळ्यात पडले. मग त्यांनी कागद उलगडले. “गुलाबराव, माझ्याकडे तीन कागद आहेत आणि मला एक शब्द लिहायचा आहे,” ते म्हणाले. “ही स्वागताची कमान नाही, हे मला दिसतं आहे. आता हे पिंजण असेल तर तसं सांगा. हत्यार असेल तर तसं सांगा. तुमचा अकोल्याचा कागद काल माझ्या टेबलावर आला आहे. माझा शेरा गेल्याशिवाय त्याच्यावर सही होणार नाही.”

कापूस पिंजतो म्हणावं तर खादी, हत्यार म्हणावं तर कायदा. खुंटी आहे, लसूण टांगायची दांडी आहे, असं म्हणायला जागा होती आणि ते थोडंफार खरंही होतं. गुलाबराव तेच म्हणणार होते. रात्रभर त्यांनी तेच पाठ केलं होतं. पण साहेबांच्या हातात ते धनुष्य सकाळच्या उन्हात चकाकत होतं, टोकं तसबिरीतल्यासारखी वळलेली होती, आणि माळीपुऱ्यात कोणीही कधी एवढी सुंदर वस्तू हाताने केली नव्हती. त्यांच्या तोंडून पाठ केलेलं निघेचना.

“साहेब, धनुष्य आहे,” गुलाबराव म्हणाले. “मी केलं आहे.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. धनुष्य असेल तर ते चालतं का, हे पाहावं लागेल, असं त्यांनी सांगितलं. गुलाबरावांनी धनुष्याबरोबर केलेला बाण आणला, दोरी घेतली आणि धनुष्याचं एक टोक पायापाशी लावलं.

“थांबा,” साहेब म्हणाले. “तुम्ही उलटं धरलं आहे.”

“साहेब, ते उलटंच—”

“टोकं बघा ना कुठे चालली आहेत. फिरवा. वळण आहे त्याच बाजूने दोरी लावा.”

उत्तमरावांनी मान डोलावली आणि आपण हे आधीच सुधारून दिलं होतं, असं हळूच साहेबांना सांगितलं. हिरालालनेही दुजोरा दिला. गुलाबरावांना खिशातलं जऊळक्याचं तिकीट आठवलं. तोंड उघडून साहेबांना समजावून सांगायला दोन वाक्यं पुरली असती. तेवढ्यात दारात उभ्या असलेल्या गिरजाबाईंकडे त्यांचं लक्ष गेलं. त्यांनी पदर डोक्यावर सारखा केला आणि नवऱ्याकडे बघून मान अगदी थोडी, इकडून तिकडे हलवली.

गुलाबराव नऊ वर्षं वरिष्ठांच्या हुकमाप्रमाणे चालले होते. तेव्हाही चालले. त्यांनी धनुष्य फिरवलं आणि वळणाच्या बाजूने, साहेबांच्या मताप्रमाणे सुलटी, दोरी चढवली. ती न ओढताच चढली आणि सैल राहिली. त्यांनी बाण लावला, सगळा माळीपुरा बघत असताना दोरी कानापर्यंत ओढली आणि सोडली. बाण पाच हातांवर गेला, जरा थांबल्यासारखा झाला आणि साहेबांच्या जोड्यावर आडवा पडला.

आधी शिपाई हसला. मग साहेब हसले, आणि साहेब हसल्यावर सगळ्यांनाच परवानगी झाली. उत्तमराव एवढे हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. गुलाबराव मधोमध उभे होते. हसणाऱ्यांत सामील व्हावं हे त्यांना कळत होतं, पण ते काही जमलं नाही. त्यांनी वाकून साहेबांच्या जोड्यावरचा बाण उचलला.

पंचनामा तिथेच झाला. सदर वस्तू कमान नाही, पिंजण नाही, आणि तिच्यापासून मनुष्य, जनावर वा पाखरू यांपैकी कोणासही इजा होणे शक्य नसल्याने हत्यारही नाही. मग ती काय आहे, हा रकाना उरला. साहेबांनी थोडा विचार केला आणि लिहिलं, ‘इतर’. खाली पंच म्हणून उत्तमराव आणि हिरालाल यांनी सह्या केल्या. दुसऱ्या दिवशी तो कागद गुलाबरावांच्या टेबलावर आला. ‘इतर’ म्हणजे ज्या कागदांचं काय करायचं ते कोणालाच कळत नाही त्यांचं बासन. ते त्यांनीच लाल फडक्यात बांधून वरच्या फळीवर ठेवलेलं होतं. शिडी लावून त्यांनी आपलं एक वर्ष त्यात ठेवलं आणि गाठ मारली.

आठ दिवसांत अकोल्याचा हुकूम आला. गुलाबराव कायम झाले. कचेरीत पेढे वाटले, गिरजाबाईंनी पुरण घातलं. गुलाबराव सगळ्यांशी नीट बोलले, पण त्या आठवड्यात ते अंगणात बसले नाहीत, आणि कानस कुठे ठेवली आहे असं गिरजाबाईंनी विचारलं तेव्हा, आता कशाला हवी, म्हणाले.

खंडेनवमी आली. गुलाबरावांनी पाट मांडला, खुरपं, विळा, पावशी ठेवली, आणि कोपऱ्यात टाक, दौत आणि रूळ ठेवला. हळदकुंकवाला हात घालणार तोच गिरजाबाई कणगीमागून धनुष्य आणि बाण घेऊन आल्या आणि त्यांनी ते पाटाच्या मधोमध, सगळ्यांच्या वर ठेवलं. गुलाबरावांनी कुंकू लावलं.

उत्तमराव कोहळा आणि तलवार घेऊन आले. बसले, पाटाकडे बघितलं आणि म्हणाले, “वा. यंदा इतर बी पुजलं वाटते.” मग त्यांनी वाडीच्या बांधावर कोहळा ठेवला आणि तलवार ओढली. त्या वर्षी पावसाळा जोराचा झाला होता. तलवार अर्धीही निघाली नाही. उत्तमरावांनी म्यान गुडघ्यात धरून पाहिलं, हिरालालना मूठ ओढायला लावलं, तेल मागवलं. मुहूर्त जात होता.

गिरजाबाई गुलाबरावांकडे बघत होत्या. गुलाबराव उठले, पाटावरून धनुष्य आणि बाण उचलला आणि देवाला हात जोडले, कारण नवमीला हत्याराला काम सांगायचं नसतं आणि त्यांना ते सांगायचं होतं. मग त्यांनी एक टोक पायापाशी लावलं, मांडीने लाकूड मागे रेटलं आणि गिरजाबाईंची अंबाडीची दोरी चढवली. कमान उलटी वाटत होती. दोरीला बोट लावलं तर ती वाजली. उत्तमराव तोंड उघडून सांगणार होते की तुम्ही पुन्हा उलटं धरलं आहे. पण त्यांना वेळ मिळाला नाही.

बाण वीस पावलांवरच्या कोहळ्यात एका बाजूने शिरला, दुसऱ्या बाजूने निघाला आणि पलीकडे उत्तमरावांच्या परसदाराच्या फळीत जाऊन उभा राहिला. कोहळा बांधावर तसाच होता. मग तो हळूच दोन भाग होऊन पडला.

हिरालाल तेलाची वाटी धरून उभे होते. शेवटी उत्तमरावांना आपली नोकरी आठवली. “हे तं हत्यार हाये,” ते म्हणाले. “कचेरीत सांगाव लागन.”

“सांगा ना भाऊजी,” गिरजाबाई कोहळा उचलता उचलता म्हणाल्या. “पाखरू बी मरत नाई म्हून कागदावर सही कोनाची हाये, ते बी सांगजा. चला, मी कोहळ्याची भाजी टाकतो, जेवूनच जा.”

उत्तमराव जेवले. पान लावताना त्यांनी धनुष्य मांडीवर घेतलं, टोकांवरून बोट फिरवलं, आणि टोकं अशी उलटी काहून ठेवली ते जरा सांगा, असं अगदी हळू आवाजात विचारलं. तीस वर्षांच्या शेजारात त्यांनी गुलाबरावांना विचारलेला हा पहिला प्रश्न. गुलाबरावांनी खिशातून जऊळक्याचं तिकीट काढलं आणि सगळं सावकाश समजावून सांगितलं.

दिवाळीनंतर कचेरीत एक अर्ज आवक झाला. अर्जदार उत्तमराव, पेन्शनर हवालदार. मजकूर असा: ‘अर्जदार आपल्या राहत्या घरी स्वहस्ते एक इतर तयार करू इच्छितो. तरी परवानगी मिळावी.’ गुलाबरावांनी तो दोनदा वाचला. मग त्यावर नंबर टाकला, वहीत चढवला, आणि कोणत्याच टेबलाकडे न पाठवता, कायम कारकुनाच्या ठळक, टपोऱ्या अक्षरात शेरा लिहिला: ‘अर्जदाराने रविवारी सकाळच्या जऊळक्याच्या गाडीस हजर राहावे. धामण आणावी लागेल.’